न घेणाऱ्या माणसाकडे पाहताना

जाहिरातीचा मजकूर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक सल्ला मिळतो: माणसे बघा. एस.टी. स्टँडवर बसा, आठवडा बाजारात फिरा, चहाच्या टपरीवर कान उघडे ठेवा. सल्ला खरा आहे, पण अर्धा आहे, कारण माणसांत नेमके काय बघायचे हे त्यात सांगितलेले नसते. मग नवखा लेखक बाजारात जातो आणि लकबी, म्हणी, बोलण्याचा हेल, पटका बांधायची तऱ्हा टिपून आणतो. त्या टिपणांतून जी जाहिरात तयार होते तिच्यात एक मिशीवाला पाटील असतो, एक ठसकेबाज बाई असते, चार ग्रामीण शब्द असतात आणि माल तिथल्या तिथे पडून राहतो. माझे म्हणणे असे की, जाहिरात लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त शिकवतो तो वस्तू न घेणारा माणूस. जो दुकानात येतो, वस्तू उचलतो, उलटीपालटी करतो, भाव विचारतो आणि पुन्हा जागेवर ठेवून निघून जातो, तो. त्याच्या नकारामागे एक कारण असते. ते कारण ज्याला दिसले त्याला मजकुराचा विषय सापडला. बाकी उरते ते शब्दांची निवड. या म्हणण्याला पुरावा हवा असेल तर दूर जायला नको. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या परिसरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जो माल विकला गेला, त्याच्या इतिहासातच तो आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० साली त्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. पण तेव्हा हे दोन्ही भाग एकाच संस्थानाचे होते, आणि सांगली जिल्हा तर १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने वेगळा झाला. म्हणजे हा इतिहास दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक आहे. त्यातली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की शेतकरी लोखंडी नांगराला हात लावायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे लक्ष्मणरावांच्या चरित्रांत सांगितले जाते. ही गोष्ट बहुधा अंधश्रद्धेवर विज्ञानाने केलेली मात म्हणून सांगितली जाते आणि तिथेच थांबवली जाते. जाहिरातीच्या दृष्टीने खरा विचार तिथून पुढे सुरू होतो.

कारण ज्या माणसाच्या जुन्या लाकडी नांगरालाही लोखंडी फाळ होताच, तो माणूस लोखंडाला खरोखर विष मानत असेल का? त्याचा फाळ दर हंगामात जमिनीत जातच होता. म्हणजे जे तोंडाने बोलले जात होते ते एक आणि पोटात होते ते दुसरे. पोटातले काय असावे हे ओळखायला त्या काळच्या गावाची घडी बघावी लागते. लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला असे. बाभळीचे लाकूड बहुधा स्वतःच्या बांधावरचे. रुमणे हलले, इसाड चिरली, तर सुतार दुरुस्त करून देई. फाळ बोथटला की लोहार तो भट्टीत घालून शेवटून देई. या कामाचे पैसे मोजावे लागत नसत. सुगीला खळ्यावर बलुते घातले की वर्षभराची सोय झाली. आता या घडीत बिडाचा ओतीव नांगर आणून ठेवा. त्याची किंमत रोख, आणि रोख पैसा शेतकऱ्याकडे वर्षातून एकदाच दिसे, तोही सावकाराचे देणे भागल्यावर. बीड हातोड्याखाली वाकत नाही, तडकते. म्हणजे गावच्या लोहाराच्या हातचे ते काम नव्हे. ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ मोडला तर नवा कुठून आणायचा? त्यातून सुताराशी पिढ्यानपिढ्यांचा संबंध. त्याचे काम काढून घेतले तर तो उद्या मोटेचे चाक करायला येईल का? आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानात नांगर ओढायला एका जोडीने भागत नसे. चार, सहा, प्रसंगी आठ बैल लागत. इतके बैल एका घरी क्वचितच. म्हणून सावड, वारंगुळा करून चार घरांचे बैल एकत्र यायचे. नवा नांगर आपल्या बैलांना झेपेल का, हा प्रश्न मग एकट्या मालकाचा राहत नाही, चारही घरांचा होतो.

या सगळ्या हिशेबी शंका आहेत आणि एकही खुळी नाही. पण नव्या वस्तूचा जाणकार विक्रेता समोर उभा असताना अडाणी ठरण्याच्या भीतीने किंवा गरिबी उघडी पडण्याच्या संकोचाने माणूस त्या बोलून दाखवत नाही. जमिनीला विष होते असे सांगून मोकळा होतो. जो विक्रेता हे वाक्य तसेच्या तसे धरून बसेल तो रसायनशास्त्र समजावत बसेल. त्याची जाहिरात म्हणेल की लोखंड निर्धोक आहे, आणि नांगर तरीही पडून राहील. जो माणूस खळ्यावर बलुत्याची वाटणी बघेल, लोहाराच्या भात्याशेजारी बसेल, बांधावर चार घरांचे बैल एका नांगराला कसे जुंपतात ते पाहील, त्याच्या लक्षात येईल की सांगायचे ते वेगळेच आहे: सुटे फाळ कुठे मिळतील, ते कोणालाही बसवता येतात का, किती बैलांना झेपेल, हरळी आणि कुंदा मुळासकट निघाल्यावर पुढच्या खुरपणीत किती मजुरी वाचेल, आणि पैसे कधी दिले तर चालतील. तोंडी आक्षेप आणि खरी अडचण यांच्यामधले अंतर प्रश्नावलीने भरून निघत नाही. ते पाहूनच कळते, आणि म्हणून ‘माणसे बघा’ या सल्ल्याचा मी लावतो तो अर्थ असा: माणसाचे बोलणे आणि त्याचे वागणे जिथे जुळत नाही, त्या जागेवर डोळा ठेवा.

किर्लोस्करांच्या कारखान्याने पुढे जे केले त्याला मराठी जाहिरातीच्या इतिहासात मोठे स्थान दिले पाहिजे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. ते लक्ष्मणरावांचे पुतणे, हाताने चित्रकार, आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवायची, हा त्या पत्राचा मूळ हेतू. पण नुसत्या नांगराच्या वर्णनाचे पत्र कोण आवडीने वाचणार? हळूहळू त्यात उद्योगाचे, प्रवासाचे, समाजसुधारणेचे लेख आले, कथा आल्या, चित्रे आली. १९२९ मध्ये नावातले ‘खबर’ गळून ते ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. लोखंड ओतणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून मराठीतली तीन महत्त्वाची मासिके निघाली, हे आश्चर्य खरेच, पण अकारण घडलेले नाही. नांगर घेणारा माणूस फक्त नांगराचे गिऱ्हाईक नसतो. त्याला मुले शिकवायची असतात, घरातल्या बाईला काही म्हणायचे असते, त्याला स्वतःचा उद्योग काढायची इच्छा असते, जुन्या रूढी टोचत असतात. हा संपूर्ण माणूस ज्यांच्या नजरेत भरला त्यांचे माहितीपत्रक मासिक होऊन गेले. आज ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणून मोठ्या दिमाखात शिकवले जाते, ते कुंडलच्या माळावर शंभर वर्षांपूर्वी झाले होते. ‘स्त्री’ मासिकाने पुढे स्त्रियांच्या प्रश्नांवर जे धाडसी लिखाण छापले त्याचे मोल नांगराच्या खपापेक्षा कितीतरी जास्त आहे, हेही इथेच म्हणून ठेवतो.

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले काच कारखाना सुरू झाला आणि त्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर घरोघरी गेला. या कारखान्याच्या मालासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरासाठी गावोगाव फिरलेल्या विक्रेत्यांत एक नाव असे आहे की ते जाहिरातीच्या इतिहासात कोणी शोधत नाही: भाऊराव पाटील. कर्मवीर ही पदवी पुढची. विक्रेता म्हणून त्यांनी ओसरीवर बसून किती घरे आतून पाहिली असतील याचा विचार करावा. कंदील विकायला गेलेल्या माणसाला घरात उजेड कशासाठी हवा आहे हे दिसते, आणि कशासाठी लागतच नाही हेही दिसते. पुस्तक वाचायला उजेड हवा असलेले घर गावात किती? नांगर विकायला गेलेल्याला दिसते की माहितीपत्रक वाचायलाच कोणी नाही, आणि कर्जाच्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठवला जातो. या फिरतीतून भाऊरावांचे मत पक्के होत गेले की बहुजनांच्या मुलांना शिक्षण मिळाल्याखेरीज यातले काहीच बदलणार नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली ती साताऱ्यात आणली. विक्रीसाठी केलेले निरीक्षण विक्रीच्या पलीकडे जाऊ शकते याचे इतके मोठे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. न घेणाऱ्याकडे प्रामाणिकपणे पाहिले की कधी असे उत्तर मिळते की आपली वस्तू ही त्याची गरजच नव्हे. ते उत्तर ऐकण्याची तयारी नसेल तर पाहण्याला अर्थ नाही.

हा विचार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स याने १९२३ साली ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ हे छोटे पुस्तक लिहिले. तो सामान्य कष्टकरी माणसांत वाढलेला होता आणि आपण त्यांच्यासाठीच लिहितो असे मानत असे. श्लिट्झ या बिअरची जाहिरात लिहिण्याआधी तो कारखाना पाहायला गेला, बाटल्या वाफेने धुतल्या जाताना पाहिल्या आणि तेच त्याने लिहिले. सगळेच कारखानदार तसे करत होते, म्हणून कोणालाच ते सांगण्याजोगे वाटले नव्हते. पिणाऱ्याला मात्र ती बातमी होती. डेव्हिड ऑगिल्व्ही हा पुढे जगप्रसिद्ध झालेला जाहिरातकार आधी स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून आगा कंपनीच्या शेगड्या विकत असे. १९३५ साली त्याने इतर विक्रेत्यांसाठी एक पुस्तिका लिहिली. तिचे दोन भाग आहेत, चढाई आणि बचाव. दुसऱ्या भागात गिऱ्हाईक कोणकोणते आक्षेप घेते आणि प्रत्येकाला काय सांगावे हे आहे. दारात उभे राहून नकार ऐकलेल्यालाच तो भाग लिहिता येतो. आणि आपल्याकडची, सर्फ या धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीतली ललिताजी तर सर्वांच्या स्मरणात आहे. स्वस्त निरमाने सर्फचा बाजार खाल्ला तेव्हा जाहिरातकार अलेक पदमसी यांनी ती उभी केली, आणि तिचे मूळ आपल्या आईत असल्याचे ते सांगत. आई भाजीवाल्याशी चार पैशांसाठी घासाघीस करायची, पण मोठी खरेदी करताना महाग वस्तू घ्यायला कचरायची नाही. एकाच बाईच्या वागण्यातली ही विसंगती त्यांनी नीट पाहिली, तेव्हा स्वस्त आणि परवडणारे यांतला फरक सांगणारे पात्र जन्माला आले.

जुन्या गोष्टी सोडून आजच्या बाजारात यावे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, देशभरचे व्यापारी इथे येतात. सौद्याच्या वेळी खरेदीदार काय करतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. तो ढिगातून एक हळकुंड उचलतो आणि दोन बोटांत धरून मोडतो. नीट वाळलेले हळकुंड टणक आवाज करून तुटते. ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो. मग तो तुटलेला भाग उजेडात धरतो, आतला रंग बघतो, वास घेतो. वरचे पॉलिश कितीही चमकत असले तरी त्यावर त्याचा निकाल ठरत नाही. बेदाण्याच्या सौद्यातही तेच. मूठभर बेदाणा तळहातावर पसरायचा, रंग एकसारखा आहे का पाहायचे, दाबून बघायचा, एखादा तोंडात टाकायचा. आता पाकीटबंद हळदीची बहुतेक पाकिटे वाचा. शुद्ध, पारंपरिक, आजीच्या हातची, निसर्गाची देणगी. ज्या गोष्टीवर जाणता माणूस हळद पारखतो, म्हणजे वाळवण, आतला रंग, वास, तिचा उल्लेख सापडत नाही. लिहिणाऱ्याने हळद पाहिली असेल, पण हळद पारखणारा हात पाहिलेला नसतो. पाकिटातली पूड तर मोडून बघता येत नाही. म्हणून भेसळीची शंका घरातल्या बाईच्या मनात कायम असते, आणि पुष्कळ घरांत अजूनही हळकुंडे आणून गिरणीतून दळून घेतात. ती बाई पाकिटाची न घेणारी गिऱ्हाईक आहे. ती का घेत नाही हे ज्याने पाहिले तो आजीचा फोटो छापणार नाही. हळकुंड कोणत्या गावचे, कधी शिजवले, किती दिवस वाळवले, कधी दळले, हे तो लिहील.

यावर पहिला आक्षेप आजच्या काळाचा आहे. फोनवर माणूस काय बघतो, कुठे थांबतो, काय विकत घेतो याची क्षणाक्षणाची नोंद कंपन्यांकडे आहे. मग बाजारात उभे राहण्याची गरजच काय? या नोंदींची ताकद मी कमी लेखत नाही. दोन मजकुरांपैकी कोणता जास्त चालला, हे त्या इतक्या झटपट आणि अचूक सांगतात की हॉपकिन्सला हेवा वाटावा. तो बिचारा कुपने मोजून तेच करत होता. पण नोंद होते ती घडलेल्या कृतीची. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराने एखाद्या औषधाची जाहिरात पाहिली आणि पुढे सरकवली, एवढे यंत्राला कळते. त्यानंतर तो शेजाऱ्याच्या बागेत गेला, पानांच्या खालच्या बाजूला डाऊनी आहे का ते बोटाने उलटून पाहिले, त्याने काय फवारले ते विचारले आणि दुकानात जाऊन ते घेतले, ही साखळी यंत्राच्या नजरेत येत नाही. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतरचा एक चुकलेला निर्णय वर्षाचे उत्पन्न घेऊन जातो. म्हणून तिथे माणूस जाहिरातीपेक्षा शेजारच्या वेलीवर विश्वास ठेवतो. हे ज्याला ठाऊक आहे तो मोठमोठ्या दाव्यांचा मजकूर लिहिण्याऐवजी कंपनीला सांगेल की गावातल्या एका बागेत शिवारफेरी घ्या आणि तिची तारीख छापा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चार माणसे पाहून चारशे माणसांबद्दल बोलणे हा उतावळेपणा नाही का? आहे. पाहणाऱ्याला आपल्याला हवे तेच दिसते, हाही अनुभव जुना. पण याचे उत्तर पाहणे सोडून देणे हे नव्हे. शिस्तीने पाहणे हे आहे. त्र्यं. ना. आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली आले. त्यात महसूल खात्यातल्या या अधिकाऱ्याने बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, वतनदार यांचे व्यवहार इतक्या बारकाईने टिपले आहेत की त्या काळचे गाव समजून घ्यायला आजही त्याला पर्याय नाही. त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातले हॅरॉल्ड मान पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात घरोघरच्या जमिनीचे तुकडे, कर्ज आणि खर्च मोजत होते. १९१७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १९२१ साली जातेगाव बुद्रुकचा. आत्रे डोळ्यांनी बघत होते, मान मोजून बघत होते, आणि दोन्ही लागते. जाहिरात लिहिणाऱ्याला पाहण्यातून मिळतो तो अंदाज. तो खरा की खोटा हे पुढे थोडा माल विकून, दोन प्रकारचा मजकूर छापून, हिशेब ठेवून ठरवायचे. पण अंदाजच नसेल तर तपासणार काय?

तिसरा आक्षेप नीतीचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. गरीब माणसाच्या अडचणी, भीती, संकोच बारकाईने टिपायचे आणि त्यांचा उपयोग त्याच्याच खिशातून पैसे काढायला करायचा, हे शोषणच नव्हे का? अनेकदा ते तसेच असते. गोरेपणाची क्रीमे विकणाऱ्यांनी लग्नाच्या मुलींच्या घरातली धास्ती अगदी नीट पाहिली होती. कर्ज घ्यायला लावणाऱ्या, महिन्यात उंची वाढवणाऱ्या, खात्रीने उत्पन्न दुप्पट करणाऱ्या जाहिराती लिहिणाऱ्यांचे निरीक्षण कच्चे आहे असे म्हणवत नाही. म्हणून निरीक्षण ही आपोआप पवित्र गोष्ट ठरत नाही. फरक करायचा तो एका प्रश्नावर: दिसलेली शंका मजकूर दूर करतो, की तिच्यावर बोट ठेवून ती वाढवतो? सुटा फाळ कुठे मिळेल हे सांगणारा मजकूर शेतकऱ्याला निर्णय घ्यायला मदत करतो, आणि त्याला नकार देण्याची मुभाही ठेवतो. जुना नांगर वापरणारा मागासलेला ठरतो असे सुचवणारा मजकूर त्याला लाज देऊन विकतो. कायदाही आता या बाबतीत थोडा जागा झाला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा खोटे पकडतो, लाजवणे पकडत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याचीच.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट. पुण्या-मुंबईच्या कचेरीत बसून माण-खटावचा माणूस लिहिला जातो तेव्हा तो बहुधा विनोदी होतो. ‘काय वो पावनं’ म्हटले की ग्रामीण झाले, अशी समजूत दिसते. बोली वापरण्याला माझी हरकत नाही. बोलीचा मुखवटा करण्याला आहे. आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आले. त्यातली माणसे दुष्काळी मुलखातली, दरिद्री, काही चमत्कारिकही. पण लेखक कोणाच्याही वर उभा राहत नाही. माणसाचा धंदा, त्याची अडचण, त्याची ऐट आणि त्याचे शहाणपण एकदम दिसते. पुढे माडगूळकरांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांचे काम केले, तेही याच बळावर. जाहिरातीचे शिक्षण देणाऱ्या संस्थांत परदेशी पुस्तके लावतात ती लावावीत. त्यांच्या शेजारी ‘गावगाडा’ आणि ‘माणदेशी माणसं’ ठेवायला हवीत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतून विक्री शिकता येणार नाही, पण समोरच्या माणसाला हसण्यावारी न नेता कसे पाहायचे ते शिकता येईल, आणि विक्री त्यानंतरची गोष्ट आहे.

थंडीच्या दिवसांत पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, खरसुंडीला आणि म्हसवडला खिलार जनावरांचे बाजार भरतात. बैल घेणारा तिथे आधी दात बघतो, आदत की दुसा की चौसा ते ठरवतो, खूर आणि खांदा चाचपतो, चालवून बघतो, आणि तरीही बऱ्याचदा न घेता पुढे जातो. सातारा-सांगलीत पेढे, बेदाणे, गूळ, हळद, अवजारे, औषधे विकणारी शेकडो लहान दुकाने आणि कारखाने आहेत, आणि त्यांचे फलक, पाकिटे, मोबाइलवरचे निरोप लिहिणारी तरुण मुले-मुली आता गावोगाव आहेत. त्यांना माझी विनंती आहे: पुढचा मजकूर लिहायला बसण्याआधी एक दिवस अशा बाजारात काढा. विकत घेणाऱ्यांना जाऊ द्या. वस्तू हातात घेऊन परत ठेवणाऱ्याच्या जवळ उभे राहा, मध्ये बोलू नका, आणि तो सोबतच्या माणसाला जे कारण सांगेल ते वहीत लिहून घ्या.